कोंबड्या कोण नेतंय ते आधी ओळखा, फास अन् विष नको

कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दहा-बारा पिल्लं काढते अन् महिनाभरात त्यातली तीन-चारच उरतात. परसात गावरान कोंबड्या पाळणाऱ्या घरांचं हे नेहमीचं दुखणं. मग चिडून कुणी फासे लावतो, कुणी मटणात विष घालून ठेवतो. ते खाऊन घरचंच कुत्रं मरतं. शिवाय मुंगूस, घोरपड, उदमांजर यांना मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अन् मुंगूस संपवलं की उंदीर-घुशींना रान मोकळं, उंदरांमागं साप आलाच.

त्यापेक्षा चोर कोण ते बघा. दिवसाढवळ्या पिल्लू गायब झालं अन् मागं काहीच खूण नाही, तर बहुधा घार किंवा शिक्रा. अगदी लहान पिल्लू कावळाही उचलतो. अंडी कवचासकट नाहीशी झाली तर साप किंवा घोरपड, फुटकी टरफलं पडलेली दिसली तर मुंगसावर संशय घ्या. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर अन् रानमांजर रात्री. सात-आठ कोंबड्या मारून टाकल्यात पण खाल्ली एकही नाही, असं असेल तर ते काम बहुतेक वेळा गावातल्या मोकाट कुत्र्यांचं असतं. दोष मात्र जंगलातल्या जनावराला!

घारीला वरून मोकळं अंगण दिसतं, म्हणून पिल्लांना लपायला आडोसा हवा. दोडका-भोपळ्याचा मांडव कमरेइतक्या उंचीवर घाला. खाली सावली, किडे अन् वर भाजी. बांधाला करवंदाची जाळी, परसात तुरीच्या दोन-चार ओळी असल्या तरी चालतं. कळपात एक जाणता कोंबडा ठेवाच. आकाशातल्या शत्रूसाठी त्याची हाक वेगळी, जमिनीवरच्यासाठी वेगळी असते अन् कोंबड्यांना ती बरोबर कळते.

आणखी एक राखणदार फुकट मिळतो: कोतवाल. दुभंगलेल्या शेपटीचा हा काळा पक्षी साधारण एप्रिल ते ऑगस्ट घरट्यावर असतो. त्या काळात झाडाजवळ आलेल्या घारीला अन् कावळ्याला तो चोची मारून पिटाळतो. आवारातल्या लिंबा-बाभळीवर त्याचं घरटं असेल तर छाटणी पावसाळ्यानंतरच करा. घरटं रिकामं झालं की त्याचा धाक कमी होतो, तेव्हा सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

रात्रीचा प्रश्न मात्र झाडापेक्षा खुराड्यानं सुटतो. दिवेलागणीला कोंबड्या आपोआप परततात, तेव्हाच मोजून दार लावा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. नेहमीच्या मोठ्या छिद्रांच्या कोंबडी-जाळीतून उंदीर अन् बारीक साप सहज शिरतात. जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवला की उकरून आत येता येत नाही. भोवती बोरी-बाभळीच्या काट्या टाका. कुंपणात वीज सोडू नका, त्यात माणसंच दगावतात.

पिल्लं पहिले सहा आठवडे एकटी सोडू नका, घरात कुणी नसेल तेव्हा डालग्याखाली झाका. सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घ्या, मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता खोल पुरा. त्या वासानंच कुत्री अन् रानमांजरं घराची वाट शिकतात. बिबट्याचे ठसे दिसले तर स्वतः मागे न जाता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.