कुलाब्याहून धारावीकडे

१९७२ साली मुंबईत, कुलाब्याला एक शाळा सुरू झाली. पटावर मुले तीन. त्यांतली एक मालिनी चिब, शाळा काढणाऱ्या मिथू अलूर यांची सहा वर्षांची लेक. जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने तिला सेरेब्रल पाल्सी झालेली. कोलकात्याच्या डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितले होते. इंग्लंडमध्ये मात्र कळले, की शरीर ऐकत नसले तरी पोरीची बुद्धी शाबूत आहे. तिथे ती शाळेत जाऊ लागली, आईनेही विशेष शिक्षणाचा अभ्यास केला. परत आल्यावर तशी शाळा इथे सापडेना, म्हणून आईनेच ती काढली. हीच ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’.

त्या काळी असे मूल सरसकट ‘मतिमंद’ ठरे. लाळ गळते, शब्द फुटत नाही, हात भलतीकडे जातो. एवढ्यावर निकाल लागायचा. खरे तर या विकारात मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. बिघडतो तो हालचालीवरचा ताबा. काही मुलांची बुद्धीही मंदावलेली असते, पण कित्येकांची नसते, आणि हे ओळखायला मुलासोबत बसावे लागते. जे बोलू शकत नाही ते नजरेने, बोटाने चित्र दाखवून उत्तर देते. मालिनीने पुढे एका बोटाने टंकून आत्मकथन लिहिले.

संस्थेने एक साधी गोष्ट केली, पण मला ती फार मोठी वाटते. शिक्षण आणि उपचार तिने एकाच छताखाली आणले. फिजिओथेरपीला एका टोकाला, स्पीच थेरपीला दुसऱ्या, शाळा तर कुठेच नाही, अशी मुलाला कडेवर घेऊन चाललेली आईची वणवण थांबली. सुरुवातीच्या पाठीराख्यांत नर्गिस दत्त होत्या. पाठोपाठ कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नईतही अशी केंद्रे उभी राहिली.

मग आला अवघड प्रश्न. आपली मुले आपल्याच शाळेत आयुष्यभर वेगळी ठेवायची का? स्वतः उभारलेल्या वास्तूबद्दल असे विचारायला धैर्य लागते. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या निघाल्या, पण अपंग मूल त्यांत जवळजवळ नव्हतेच. अलूर यांनी लंडन विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी हाच विषय घेतला. त्यानंतर युनिसेफच्या मदतीने संस्था धारावीत गेली आणि वस्तीतल्या बालवर्गांत अपंग मुलांना इतरांसोबत बसवू लागली. विशेष शाळेतली मुलेही नेहमीच्या शाळांकडे निघाली. संस्थेचे नावही पुढे ‘अडॅप्ट’ झाले.

पण शाळेच्याही आधी हे मूल ओळखावे लागते, आणि वस्तीत सेरेब्रल पाल्सीच्या निदानाची पहिली पायरी घरातच असते. चार-पाच महिने झाले तरी मान धरत नाही, एक मूठ सदा घट्ट, कपडे बदलताना पाय कात्रीसारखे ताठ. आईला शंका येते, पण घरातले म्हणतात, ‘याचा बापही उशिराच चालला.’ त्या एका वाक्यात वर्ष निघून जाते, आणि लहान मेंदू सगळ्यात वेगाने शिकतो ते हेच वर्ष. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर तपासणे सरकारी पथकांचे काम झाले आहे, जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूदही आहे. तरी रोज त्या दारावरून जाते ती अंगणवाडीताई. बाळाची मूठ उघडते का, हे वजन करतानाच तिला पाहता येते.