राशोल सेमिनरी

गोवा-दमण महाधर्मप्रांतासाठी कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था. स्थान : सासष्टी तालुक्यात राशोल (जुने नाव रायतूर), झुआरी नदीकाठी.

इतिहास : येशूसंघीयांचे मडगावचे कॉलेज १६१० च्या सुमारास येथे आले. मिशनरींना लोकभाषा शिकणे भाग असल्याने भाषा आणि छपाई यांना येथे महत्त्व आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये येथेच रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाले. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघाला हद्दपार केले. १७६२ पासून येथे धर्मप्रांताची सेमिनरी आहे.

अभ्यासक्रम : शालेय वयाच्या मुलांची सोय साळगावच्या लघु सेमिनरीत आहे, राशोल ही वरची पायरी. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईश्वरविद्येची चार, अशी सहा वर्षे पूर्ण करावी लागतात. बायबल, धर्मसिद्धांत, नीतिशास्त्र, उपासनाविधी, धर्मसभेचा इतिहास आणि कॅनन कायदा हे मुख्य विषय. लॅटिन आणि पोर्तुगीजची जागा १९६१ नंतर इंग्रजीने घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत होऊ लागली, त्यामुळे कोकणीत प्रवचन देता येणे गरजेचे ठरले. पाश्चात्त्य धर्मसंगीताची परंपराही येथे जुनी आहे.

अध्यापकवर्ग : मुख्यतः महाधर्मप्रांताचेच धर्मगुरू शिकवतात. प्राध्यापकांची नेमणूक बिशप करतात; त्यासाठी पोपपीठाने मान्य केलेल्या विद्यापीठाची डॉक्टरेट किंवा लायसेन्शिएट ही पदवी लागते. मुख्य विषयांना स्वतंत्र अध्यापक असावेत, अशीही अट आहे. रेक्टर संस्थेचा प्रमुख असतो. कारभार आणि हिशेब वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. आध्यात्मिक मार्गदर्शकाचे पद मात्र जाणूनबुजून अलग ठेवलेले आहे : उमेदवाराला गुरुदीक्षा द्यावी की नाही, यावर त्याचे मत विचारता येत नाही, कारण उमेदवार त्याच्यापुढे आपले मन मोकळे करतो.

मूल्यमापन : सेमिनरी निवासी असल्याने अध्यापक विद्यार्थ्याला वर्गात, प्रार्थनेत आणि जेवणाच्या टेबलावरही पाहत असतात. त्यामुळे परीक्षेतील गुण पुरेसे ठरत नाहीत. दीक्षेपूर्वी उमेदवाराची श्रद्धा, आचरण आणि सेवेची पात्रता यांविषयी रेक्टर दाखला देतो. निर्णय बिशप घेतात.