छायाचित्रणाच्या फिल्मचे पेटंट आणि ‘उघडपणा’ची कसोटी

एखादा शोध ‘उघड’ होता की नव्हता, हा पेटंट कायद्यातील अत्यंत नाजूक प्रश्न होय. कारण शोध हाती आल्यावर तो कोणालाही सोपा वाटतो. छायाचित्रणाच्या फिल्मचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा व छिद्रणयंत्र आणले आणि कोडॅकची कच्ची फिल्म मागविली. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला, तेव्हा अशा फिल्मच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या न्यायालयात चालू होता. धर्मोपदेशक हॅनिबल गुडविन यांनी २ मे १८८७ रोजी अर्ज केला. पेटंट मात्र १३ सप्टेंबर १८९८ रोजी मिळाले. दरम्यान ईस्टमन कंपनीचे रसायनज्ञ हेन्री राइखेनबाख यांना १८८९ मध्येच पेटंट मिळून कंपनीची फिल्म सर्वत्र रूढ झाली होती.

कलोडियन १८५१ पासून छायाचित्रणात वापरात होते. सेल्युलॉइडही ज्ञात होते. मग गुडविन यांनी नवे काय केले? योग्य द्रावके निवडून, द्रावण गुळगुळीत पृष्ठभागावर पसरून त्यांनी पारदर्शक व लवचीक पापुद्रा मिळविला. घटक ज्ञात असणे आणि त्यांची नेमकी जुळणी सुचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९१३ मध्ये न्यायालयाने पेटंट वैध ठरविले व १९१४ मध्ये अपिलात ते कायम राहिले. कंपनीने ५० लाख डॉलर देऊन वाद मिटविला. गुडविन मात्र १९०० मध्येच निवर्तले होते.

भारतातही हीच कसोटी घडत गेली. १९६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेक्स्ट विरुद्ध युनिकेम या खटल्यात मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइड औषधाचे पेटंट वैध मानले. उलट १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद खटल्यात भांडी घडविण्याच्या यंत्रातील सुधारणेचे पेटंट अवैध ठरविले. निव्वळ कारागिरीची सुधारणा पेटंटास पुरेशी नाही, असे तत्त्व त्यातून दृढ झाले. २००२ च्या दुरुस्तीने त्या क्षेत्रातील जाणकारास उघड न वाटणे, ही अट १९७० च्या अधिनियमातील व्याख्येत आली.

थोडक्यात, जाणकार कोण, एवढेच ठरवून भागत नाही. त्याला कोणत्या दिवशी उभे करायचे, हेही ठरवावे लागते. गुडविन यांचा शोध १८९८ च्या बाजारावरून जोखला असता तर तो क्षुल्लक ठरला असता. तो १८८७ च्या ज्ञानावर जोखला गेला, म्हणूनच न्याय मिळाला, जरी तो शोधकाच्या हयातीत नव्हे.