जिना कोणाचा? मुंबईच्या आगी, नियम आणि रहिवासी



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद असतो. जिन्यात सामान ठेवू नये, आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, १०१ वर फोन करावा, वगैरे. रोज त्याच्यासमोरून आपण जातो आणि वाचत नाही. पण त्या कागदामागे दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. आणि त्या इतिहासाला एक दिशा आहे. आगीपासून घर वाचवण्याची जबाबदारी आधी सरकारची होती, मग बंबवाल्यांची झाली, आणि आता ती रहिवाशांकडे आलेली आहे. ती आपल्याकडे आली, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नाही.

सुरुवात १८०३ पासून करू. त्या वेळी मुंबई म्हणजे मुख्यतः कोटाच्या आतली मुंबई. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो भाग. तटाच्या आत दाटीवाटीनं घरं, गल्ल्या अरुंद, लाकडाचा वापर भरपूर. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी बाजारात आग लागली. वारा होताच. दिवसभर खटपट करूनही ती आवरेना. तटाच्या आतल्या वस्तीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जळून गेला. कोटात दारूगोळाही होता, त्यामुळे सरकारच्या तोंडचं पाणी पळालं.

जोनाथन डंकन तेव्हा गव्हर्नर होता. सरकारनं या आगीतून धडा घेतला तो असा, की वस्ती एवढी दाट असता कामा नये, लोकांनी तटाबाहेर जावं. लोक काही आनंदानं गेले नाहीत. पेढी इथं, गिऱ्हाईक इथं, तर बाहेर जाऊन करायचं काय? पण पुढच्या काळात तटाबाहेरची वस्ती वाढत गेली. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हा नियम शहराच्या आखणीचा होता. घर कुठं असावं, दोन घरांत जागा किती असावी, हे सरकार बघणार. आत राहणाऱ्यानं कसं राहावं, याबद्दल फारसं काही नाही.

दुसरा टप्पा १८८८ चा. त्या वर्षीचा मुंबई महानगरपालिकेचा कायदा आजही, अर्थातच पुष्कळ दुरुस्त्यांसह, लागू आहे. त्यात एक कलम आहे. परवानगीशिवाय घराचं छप्पर किंवा बाहेरची भिंत गवत, पानं, चटया, कापड असल्या पेटणाऱ्या वस्तूंची करायची नाही. आता बघा, कोकणातून, देशावरून मुंबईत आलेल्या गरीब माणसाचं घर कशाचं असणार? झावळ्यांचं आणि तट्ट्याचंच. म्हणजे आगीचा नियम हा पहिल्यापासून पैशाचा प्रश्नही आहे. कौलं परवडतात त्याचं घर कायद्यात बसतं, ज्याला परवडत नाहीत त्याचं बसत नाही. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायर ब्रिगेडही पोलिसांच्या हाताखालून नगरपालिकेकडे आली. मग लोकांच्या मनात एक समजूत पक्की बसली. आग लागली की बंब येतो आणि विझवतो. आपण बाजूला उभं राहायचं.

या समजुतीची मोठी परीक्षा १४ एप्रिल १९४४ ला झाली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या. कापसानं पेट घेतला. बंब आले, जवान जहाजावर चढले, पाणी मारत राहिले, आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. पेटता कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला. शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

या घटनेकडे आपण युद्धकाळातला अपघात म्हणून बघतो. पण त्यात घरच्यासाठीही एक साधा धडा आहे. आग किती मोठी होणार, हे बंब यायच्या आधीच ठरलेलं असतं. कशाशेजारी काय रचून ठेवलंय, त्यावर ते ठरतं. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत आग लागली ती खालच्या पार्किंगमध्ये. तिथं कपड्यांचे गठ्ठे होते, गाड्या होत्या. वर माणसं झोपलेली. धूर जिन्यानं वर चढला. घरात आग न शिरताही माणूस धुरानं मरतो, कारण जिना हा इमारतीचं धुराडं होतो.

तिसरा टप्पा टॉवरचा. इमारती उंच झाल्या आणि अग्निशमन दलाची शिडी पोचणार नाही अशा उंचीवर लोक राहू लागले. तेव्हा नियमांचा सगळा रोख बदलला. बाहेरून वाचवणं शक्य नसेल, तर इमारतीनंच स्वतःला वाचवलं पाहिजे. म्हणून स्प्रिंकलर आले, प्रत्येक मजल्यावर पाण्याची लाइन आली, धूर अडवणारे दरवाजे आले. चोवीस मीटरच्या वर रेफ्यूज एरिया, म्हणजे आश्रयाची मोकळी जागा आली. पण या सगळ्या यंत्रणेला एक अट आहे. ती रोज कुणीतरी सांभाळली पाहिजे.

इथंच २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम येतो. डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे. माझ्या मते १८०३ पासूनच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हे आहे. हा कायदा म्हणतो, यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. म्हणजे सोसायटीची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि 'नमुना ब' हे प्रमाणपत्र अग्निशमन दलाकडे द्यायचं. बिल्डर गेला, आता नियम तुमच्या दारात आहे.

आणि प्रत्यक्षात काय होतं? ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, आग विझवण्याची यंत्रणा चालू नव्हती. चार माणसं गेली. त्याच इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीनं शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं कापड नाकातोंडावर धरायला सांगितलं. एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये त्या दिवशी चालू होतं ते शाळकरी मुलीचं ज्ञान!

पण सगळा दोष रहिवाशांवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. पागडीची इमारत घ्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात मी वायरिंग बदलू कसं? भाडेकरू म्हणतो, इमारत तुझी, तू बघ. कायदा म्हणतो, मालक किंवा भोगवटादार. तो 'किंवा' कागदावर छोटा दिसतो, पण जुन्या मुंबईत त्याच्यात अख्खा जिना अडकतो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलानं चार अधिकारी गमावले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांतले एक. पुनर्वसनाच्या इमारतींत तर पंपाचं वीजबिल भरायलाही सोसायटीकडे पैसे नसतात. १८८८ ला कौलं परवडत नव्हती, आज पंपाची दुरुस्ती परवडत नाही. जबाबदारी खाली आली, पैसा तिच्याबरोबर आला नाही. हा प्रश्न सोसायटीच्या सभेत सुटणार नाही. तो महापालिकेत आणि विधानसभेतच मांडावा लागेल.

तोपर्यंत बिनपैशाच्या गोष्टी तरी आपल्या हातात आहेत. जिन्यातलं चपलांचं कपाट, जुनी सायकल, कुंड्या काढायच्या. मीटरच्या खोलीत आणि वायरींच्या डक्टमध्ये झाडू-खराटे ठेवायचे नाहीत. रेफ्यूज एरियाला ग्रिल लावून तिथं कार्यक्रमाच्या खुर्च्या रचायच्या नाहीत. गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, ते सगळ्यांना ठाऊक हवं. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या टेंडरआधी सेक्रेटरींना एक प्रश्न विचारा: आपला 'नमुना ब' शेवटचा कधी गेला? उत्तर आलं नाही, तर सभा तिथंच थांबवून आधी तो विषय घ्या.