घटना आणि विचार

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या शाळेत सहामाहीचे पेपर वाटले जात आहेत, अशी कल्पना करू. नववीतल्या दोघींना गणितात ५० पैकी १४ गुण मिळाले. एक म्हणाली, "भूमिती राहूनच गेली, आता करायला हवी." दुसरी म्हणाली, "मला काही जमतच नाही, कधी जमणारही नाही." गुण सारखेच, मग मनावरचा परिणाम वेगळा का?

हा प्रश्न जुनाच आहे. माणसाला घटना नव्हे, तर घटनेविषयीचे त्याचे मत अस्वस्थ करते, असे सुमारे १९०० वर्षांपूर्वी एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ शिकवत असे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास या विचारावर उपचारपद्धती उभी केली.

फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक यांची कथा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे मनोविश्लेषकांचे मत पडताळण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. त्यांत रागाऐवजी अपयश आणि हानी यांचीच चित्रे अधिक आढळली. बेक यांनी गृहीतक सोडले आणि १९६०च्या दशकात रुग्णांच्या विचारांच्या सवयींकडे लक्ष वळवले. १९९०च्या दशकात मार्टिन सेलिग्मन व सहकाऱ्यांनी हेच कौशल्य नैराश्य येण्यापूर्वी शाळकरी मुलांना शिकवून पाहिले. पुढील चाचण्यांत फायदा दिसला. पण तो बेताचा होता आणि सर्वत्र सारखा नव्हता.

मराठीत हा विचार रुजवण्यात एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करणारे मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. १९९०मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. तिच्यामार्फत विवेकनिष्ठ विचारपद्धती पालक-शिक्षकांपर्यंत पोचली.

मात्र एक सावधगिरी हवी. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ज्या मुलांची घरची माणसे त्या रात्री गेली, त्यांचे दुःख ही 'विचारांतील चूक' नव्हे. तेथे सोबत हवी, वेळ हवा, डोक्यावर छप्पर हवे. भूक, मारहाण, अपमान यांनाही हेच लागू आहे. परिस्थिती बदलायची सोडून मुलालाच "चांगला विचार कर" असे सांगणे हा अन्याय होईल.

मग शिक्षकाने काय करावे? "मला काहीच जमत नाही" हे वाक्य एक गृहीतक समजून मुलीबरोबर तपासावे. याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा कोणता? हीच गोष्ट मैत्रिणीची असती तर तिला काय सांगितले असते? उत्तर तिचे तिला शोधू द्यावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-जेवण बिघडले, किंवा मरणाची भाषा आली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

बेक यांनी पुरावा पाहून आपले मत बदलले. वर्गात आपण जी वैज्ञानिक दृष्टी शिकवतो ती हीच. ती मुलांना स्वतःबद्दलच्या मतांनाही लावता आली पाहिजे.