पो ची लाममधली दुपार

खांदा निखळलाय हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. डावा हात उजव्या हातानं पोटाशी धरून तुम्ही ग्वांगझौच्या रेन-आन गल्लीतून चालला आहात. साल १९१२. चिंग राजवट नुकतीच गेली आहे. तिच्याबरोबर पुरुषांच्या पाठीवरच्या लांब वेण्याही गेल्या आहेत. सकाळी सिंहनृत्याच्या सरावात उंच टांगलेला हिरवा पाला ओढायला तुम्ही साथीदाराच्या खांद्यावर चढलात आणि फरशीवर आपटलात. दोस्तांनी एकच नाव घेतलं: पो ची लाम.

हा वाँग फेई-हुंग यांचा दवाखाना. हुंग गार या दक्षिणी युद्धकलेचे ते गुरू आणि हाडवैद्यही. वडील वाँग केई-यिंग यांच्याकडून मुलाला मिळालेल्या वारशात मुष्टियुद्ध होतं, तसं औषधही होतं.

उंबरठ्यावरच वास नाकात शिरतो. मातीच्या बरण्यांत तांदळाची दारू आणि तिच्यात महिनोन् महिने मुरत पडलेली औषधं. जरा थांबा, यातलं बरंच तुमच्या ओळखीचं आहे. ती लाल-केशरी फुलं करडईची, सोलापूरकडच्या शेतात दिसतात तीच. काळपट खडे हिराबोळाचे. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो. पिवळट राळ आपल्या सालईच्याच कुळातली. मार लागून साकळलेलं रक्त हलावं आणि ठणका कमी व्हावा, हा या मिश्रणामागचा विचार. काही पाठांत बचनागाच्या कुळातलं विषारी मूळही असतं, म्हणून जखम उघडी असेल तिथे हे औषध लावत नाहीत आणि पोटात तर घेतच नाहीत.

एक थोराड शिष्य तुम्हाला उंच पाठीच्या खुर्चीपाशी नेतो. पाठीच्या कडेवर कापडाची जाड घडी ठेवतो आणि तुमची काख बरोबर त्या घडीवर टेकवतो. दुसरा तुम्हाला मागून धरतो. आता पहिला तुमचं मनगट पकडून हात हळूहळू खाली ओढू लागतो. झटका नाही, घाई नाही. तुम्ही दात आवळता, तसा तो ओढ न सोडता थांबतो. स्नायू थकेपर्यंत त्याला वाट पाहायची आहे. मग हात किंचित वळतो, आत कुठंतरी खट्कन वाजतं आणि श्वास सुटतो. खुर्चीची ही युक्ती तांग काळातल्या लिन दाओरेन या भिक्षूच्या ग्रंथात नोंदलेली आहे, म्हणजे तुमच्या या दुपारच्याही हजार वर्षं आधीची.

एवढं बळ त्या शिष्याच्या हातात आलं कुठून? मागच्या अंगणात पाहा. नवी पोरं घोडेस्वाराच्या बैठकीत, मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर ठेवून उभी आहेत. पाय थरथरतायत, पण कुणी उठत नाही. पलीकडे एक जण वाघ आणि क्रौंच यांच्या चाली घोटतोय: पंजा मारताना वाघ, एका पायावर तोल सावरताना क्रौंच. बोटांची पकड इथे कमावली जाते आणि पुढच्या खोलीत ती निखळलेल्या सांध्यासाठी वापरली जाते. कुठला सांधा कोणत्या दिशेनं निसटतो हे ज्याला मारण्यासाठी शिकावं लागतं, त्यालाच तो परत बसवता येतो. मला या दवाखान्याचं मोल वाटतं ते यामुळे. शिकताना रोज कुणी ना कुणी पडणारच, त्यामुळे औषध ही इथे जोडविद्या नाही, तालमीचाच भाग आहे.

सिफू, म्हणजे गुरू वाँग, स्वतः टेबलापाशी एका म्हाताऱ्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसले आहेत. आधी जीभ पाहिली, मग विचारपूस, मग नाडी. खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही.

काळ बारा वर्षं पुढे न्या. ऑक्टोबर १९२४. व्यापाऱ्यांचं सशस्त्र दल आणि सन यत-सेन यांचं सरकार यांच्यात शहरात लढाई पेटते आणि तिच्या आगीत पो ची लाम जळून जातं. पुढच्याच वर्षी वाँग फेई-हुंग वारतात. त्यांची पत्नी मोक क्वाई-लान आणि शिष्य हाँगकाँगमध्ये ही कला शिकवत राहतात. १९४९ पासून तिथल्या पडद्यावर वाँग यांच्यावरचे चित्रपट येऊ लागतात. पुढे जॅकी चॅन आणि जेट ली हेही ती भूमिका करतात. जगाला त्यातून ठोसा आणि लाथ कळली, पण खुर्चीवरच्या कापडाच्या घडीला तेवढी जागा मिळाली नाही, याची मला खंत वाटते.

आज खांदा निखळला तर सरळ अस्थितज्ज्ञाकडे जा आणि आधी एक्स-रे काढून घ्या. पण मुलाला कराटे किंवा कुंग फूच्या वर्गात घालणार असाल, तर शिक्षकांना पहिला प्रश्न हाच विचारा: पोरगं पडलं तर तुम्ही काय करता?