दिनविशेष : २२ फेब्रुवारी – लक्ष्मण देशपांडे स्मृतिदिन

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे लेखक व सादरकर्ते डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचे २००९ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. १९४३ मध्ये जन्मलेले देशपांडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. खेड्यातले वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, एवढ्या कथाबीजावर त्यांनी ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. सुमारे तीन तासांच्या या एकपात्री प्रयोगाची नोंद गिनीज बुकाने घेतली. मराठवाड्याची घरगुती बोली त्यांनी परदेशातल्या मराठी रसिकांपर्यंत पोहोचवली. तिच्यातला जिव्हाळा आणि मिश्कीलपणा हीच त्यांची खरी ताकद होती. त्यांच्यानंतर बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणले.